पाण्यातला पिंपळ

डोंबिवलीच्या आमच्या घरात, हॉलमधल्या माशांच्या टाकीत, एक पिंपळ वाढत होता. मुळं पाण्यात, खोड काचेच्या कडेला टेकलेलं आणि पानं वर मोकळ्या हवेत. तो माझ्या सुनेने लावला होता. आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना माहीत आहे ते असं: तो पिंपळ माझ्या बायकोने, म्हणजे तिच्या सासूने, घरात नको म्हणून काढायला लावला. आणि त्यानंतर टाकीतले सगळे मासे मेले, ते सुनेने खत जास्त घातल्यामुळे. या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. दोन्ही माझ्यामुळे खऱ्या मानल्या गेल्या. बायको आता नाही. सून ठाण्याला कोपरीत राहते. जे झालं ते सांगू शकेल असा माझ्याशिवाय कोणी उरलेला नाही.

सुरुवात टाकीपासून करायला हवी, पण टाकी ज्यामुळे आली तेही सांगायला हवं. सून पाच महिन्यांची गरोदर असताना तिचं मूल गेलं. दवाखान्यातून घरी आल्यावर ती हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून बसायची. रडायची नाही. विचारलं तर जेवायची, विचारलं तर बोलायची. बाळाला नाव नव्हतं, त्यामुळे त्याच्याविषयी बोलायला कुठून सुरुवात करायची हे आमच्यापैकी कोणालाच कळत नव्हतं. मुलगा ऑफिसातून उशिरा यायला लागला. बायको तिच्या केसांना तेल लावून द्यायची आणि गप्प राहायची, आणि माझ्या बायकोचं गप्प राहणं ही आमच्या घरात साधी गोष्ट नव्हती.

त्याच सुमारास समोरचं कुटुंब टिटवाळ्याला नव्या इमारतीत राहायला गेलं. त्यांच्याकडची काचेची मोठी टाकी तिथल्या हॉलमध्ये मावणार नव्हती. ती त्यांनी आमच्या गळ्यात मारली, लोखंडी स्टँडसकट. मुलाला वाटलं, चार रंगीत मासे आणू, तिचं मन रमेल. त्याने विचारलं, "कुठले मासे आणू?"

ती भिंतीकडून वळली. म्हणाली, "मासे नंतर. आधी जंगल, मग जनावरं."

कित्येक आठवड्यांत तिने स्वतःहून बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य असावं.

तिला प्लॅस्टिकची झाडं आणि बुडबुडे सोडणारा खेळण्यातला पाणबुड्या नको होता. तिने फोनवर व्हिडिओ बघून सगळं शिकून घेतलं. तळाला कुंडीतली माती चाळून घातली, वर जाडी वाळू. वाळू आधी धुवावी लागते, नाहीतर पाणी गढूळ होतं. बाथरूममध्ये बादलीमागून बादली वाळू धुणं चाललं होतं आणि बायको दारात उभी राहून बघत होती.

"आमच्या कोकणात वाळू धुवायला माणसं लागत नाहीत," ती म्हणाली. "समुद्र धुतो."

"आई, समुद्र डोंबिवलीला कुठून आणू?"

"तेच म्हणते मी. या घरात सगळं आपल्यालाच धुवावं लागतं."

मग झाडं. सोसायटीच्या मागे तोडलेल्या बोराची एक वाळकी फांदी पडली होती, फाटे फुटलेली. ती सुनेने उचलून आणली. लाकूड पाण्यात तरंगू नये आणि त्याचा रंग उतरू नये म्हणून ते उकळावं लागतं. ते मावेल असं भांडं घरात एकच होतं, बायकोचं दिवाळीच्या चिवड्याचं पातेलं. संध्याकाळी मुलाने येऊन झाकण उघडलं आणि विचारलं, आज जेवायला काय. बायको म्हणाली, "फांदीची आमटी." सून हसली. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि लगेच नजरा फिरवल्या, जणू हसण्याला दृष्ट लागेल.

त्या फांदीच्या टोकांना तिने शिवणाच्या दोऱ्याने हिरवं शेवाळ बांधलं. ते पुढे दाट वाढलं आणि पाण्याखाली एक जुनं, डेरेदार झाड उभं असल्यासारखं दिसायला लागलं. मागे फितीसारखं लांब गवत, पुढे चिमुकल्या गोल पानांचा गालिचा. झाडांना कार्बन डायऑक्साइड मिळावा म्हणून तिने सोड्याच्या बाटलीत साखर, पाणी आणि यीस्ट घालून नळी टाकीत सोडली. बाटलीला आंबूस वास यायचा. "घरात हातभट्टी लावलीस का गं?" बायकोने विचारलं. "पोलीस आले तर मी म्हणेन, सासऱ्यांची आहे."

इथे माझा संबंध येतो. मी आयुष्यभर एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत पाणी तपासलं. कारखान्यांतून बाहेर पडणारं पाणी नाल्यात सोडण्याजोगं आहे की नाही, ते बघायचं. त्यात विरघळलेला ऑक्सिजन किती, आणि त्यात मिसळलेला मळ कुजताना तो ऑक्सिजन किती खाईल, हे मोजणं माझं रोजचं काम. निवृत्त झाल्यावर ते ज्ञान कोणाच्याच उपयोगाचं उरलं नव्हतं. सुनेला ते हवं होतं. ऑफिसातून यायची, खांद्यावरची बॅग न काढता टाकीसमोर जमिनीवर बसायची आणि मला हाक मारायची.

"बाबा, झाडं दिवसा ऑक्सिजन सोडतात. मग रात्री?"

"रात्री तीही घेतात. मासेही घेतात."

"म्हणजे पहाटे सगळ्यात कमी."

"बरोबर. पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवायचा. पाणी हललं की हवा मिसळते."

तेव्हापासून ती रात्री हवेचा पंप लावायला लागली. नळाचं पाणी बादल्यांत भरून बाल्कनीत दिवसभर उघडं ठेवायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातं, हेही मीच सांगितलं. शुक्रवारी आमच्याकडे सकाळी पाणी जातं ते दिवसभर येत नाही, म्हणून ती लवकर उठून आधी टाकीच्या बादल्या भरायची आणि मग आमच्या. यावरून बायको तिला टाकीची सून म्हणायची.

दुपारी ऊन खिडकीतून वळून टाकीच्या बाजूला आलं की पानांवर बारीक बुडबुडे जमायचे. पान ऑक्सिजन सोडतं आणि पाण्यात तो आता मावत नाही, तेव्हा असं होतं. सगळं पान चांदीच्या टिकल्या लावल्यासारखं दिसायचं, मग एकेक टिकली सुटून वर जायची. जे मी बाटल्यांतून आणि आकड्यांतून मोजलं, ते डोळ्यांनी पहिल्यांदा तिथे पाहिलं. मी आणि बायको दुपारचा टीव्ही बंद करून बघत बसायचो.

मग गप्पी मासे आले. एका सकाळी शेवाळाच्या झाडात डोळ्यांच्या ठिपक्यांएवढी पिल्लं दिसली, पारदर्शक, फांदीफांदीत लपलेली. सुनेने ऑफिसला फोन केला आणि सांगितलं, आज येत नाही, घरी बाळंतपण आहे. पलीकडून काहीतरी विचारलं असावं. ती म्हणाली, "हो, सगळे सुखरूप आहेत." फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. दवाखान्यातून आल्यापासून ती पहिल्यांदा रडली. आम्हाला वाटलं, आता होईल सगळं ठीक.

पिंपळ त्यानंतरचा. इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या पाइपाजवळच्या भेगेत तो उगवला होता. रंगकाम करणारे त्यावर ॲसिड ओतणार होते, कारण पिंपळ भिंत फोडतो. सुनेने त्यांना थांबवलं, भिजवून भिजवून मुळासकट अलगद काढला आणि टाकीच्या कोपऱ्यात मुळं पाण्यात सोडून टांगला. मुळं वाढतील, माशांची घाण शोषून घेतील, पाणी स्वच्छ राहील, असा तिचा हिशोब होता. तो बरोबर होता. थोड्याच दिवसांत पांढऱ्या मुळांची जटा खाली उतरली आणि पिल्लं तिच्यात खेळायला लागली. वर तांबूस कोवळी पानं फुटली.

"घरात पिंपळ?" बायको म्हणाली. "मग मुंजाही येईल." पिंपळावर मुंजा राहतो असं आमच्या लहानपणी सांगायचे. मुंज झालेला आणि लग्नाआधी मेलेला मुलगा.

"आला तर काय करायचं, आई?"

"काय करायचं? आमटीभात वाढायचा. पोरगंच ते."

दोघी हसल्या. मी हसलो नाही. बायको चौथी शिकलेली, देवासमोर दिवा लावणारी, आणि तिला त्या झाडाचं काही वाटलं नाही. मी विज्ञानाचा पदवीधर. गावाकडे पत्रिका बघून लग्न ठरवणाऱ्यांना हसणारा. मला मात्र त्या दिवसापासून त्या कोपऱ्याकडे बघवेना. एक मूल गेलं होतं. सून सावरत होती, डॉक्टरांनी पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं, आणि घरात लोक वंश खुंटवणारं म्हणतात ते झाड पाळलं होतं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास आहे का, असं कोणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. पण कोणी विचारलं नाही.

कल्याणला एका जुन्या सहकाऱ्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. जेवणं झाल्यावर मी गुरुजींना बाजूला घेऊन सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, पिंपळ घरात ठेवू नये. पण तो उपटून फेकायचाही नसतो. शनिवारी त्याच्या मुळाशी दूध घालावं, हळद-कुंकू वाहावं, क्षमा मागावी आणि एखाद्या देवळाच्या आवारात नेऊन लावावा. त्यांनी सांगितलं ते कुंडीतल्या किंवा परसातल्या झाडाबद्दल. झाड कुठे आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यांच्याकडे काही दोष जात नाही.

शनिवारी सून सकाळी ऑफिसला गेली, मुलगाही गेला, बायको भाजी आणायला. मी आंघोळ करून सोवळ्याचा पंचा नेसलो. पूजेचा तांब्याचा गडवा घेतला आणि दुधाने भरला. हवेचा पंप रात्रीपासून चालू होता तो बंद केला, म्हणजे बुडबुड्यांनी कुंकू टाकीभर पसरणार नाही. मुळांवर दूध ओतलं. सगळा गडवा. वर हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले आणि म्हणालो, आमच्या घरातलं जे गेलं ते तू नेलं असलंस तर आता दुसरं नेऊ नकोस.

प्रयोगशाळेत नव्याने लागलेल्या मुलांना मी एक गोष्ट नेहमी सांगायचो. रसायनांच्या कारखान्याचं पाणी सगळ्यांना वाईट वाटतं, पण दूधडेअरीचं पाणी ओढ्यातले मासे लवकर मारतं. दुधाला विष लागत नाही. ते कुजताना पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतं. हे मी वर्षानुवर्षं शिकवलं. त्या सकाळी ते मला आठवलं नाही असं लिहिलं तर तेही खोटं होईल. दूध पाण्यात पांढऱ्या ढगासारखं उतरलं आणि तो ढग पसरत गेला, तेव्हाच आठवलं. मी मनाशी म्हटलं, एवढी मोठी टाकी, एवढंसं दूध.

बाल्कनीत बादल्या भरलेल्या होत्या. सुनेने आदल्या दिवशी पाणी बंद व्हायच्या आत भरून ठेवलेल्या. टाकीतलं निम्मं पाणी काढून ते ओतलं असतं, तर बहुतेक सगळं वाचलं असतं. अर्ध्या तासाचं काम. पण मग संध्याकाळी तिने विचारलं असतं, बादल्या रिकाम्या का? आणि मला सांगावं लागलं असतं की तुझा पाणी तपासणारा सासरा पंचा नेसून माशांच्या टाकीची पूजा करत होता. मला लाज वाटली. एवढंच कारण आहे, आणि ते लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मी कुंकवाचा तवंग वाटीने काढला, फूल काढलं, पंप पुन्हा लावला. थोड्या वेळाने पाणी निवळल्यासारखं दिसलं. पिंपळ उचलला, मुळांत अडकलेली पिल्लं हलवून खाली सोडली आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळत होतो, तेवढ्यात बायको आली.

"हे काय चाललंय?"

"देवळात लावतो. घरात नको."

"तिला विचारलंत?"

"तू नको म्हणालीस असं सांगू."

बायकोने भाजीची पिशवी खाली ठेवली. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. दुधाचं तिला माहीत नव्हतं, शेवटपर्यंत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "सांगा. सासू आहे मी. माझ्या नावावर काहीही खपतं."

माझी बहीण टिटवाळ्याला राहते. तिच्या घराजवळच्या एका लहान देवळाच्या मागे मी पिंपळ लावला आणि रात्री तिच्याकडेच राहिलो. रविवारही तिथेच काढला. सुनेला फोनवर सांगितलं, तुझ्या सासूला पिंपळ घरात नको होता. तिने फोन ठेवला. त्या देवळामागे पुढच्या वर्षी गेलो तेव्हा सगळ्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवलेले होते.

सोमवारी सकाळी घरी आलो. टाकीतलं पाणी ताकासारखं पांढरं होतं. मासा एकही उरला नव्हता. सून टाकीसमोर जमिनीवर बसली होती, कुडत्याच्या बाह्या खांद्यापर्यंत भिजलेल्या. मुलगा तिच्या मागे उभा होता आणि तिला उठवायचा प्रयत्न करत होता. तिने मला बघितलं आणि घाईघाईने सांगायला लागली, जसं डॉक्टरांना सांगतात.

"बाबा, मी शुक्रवारी मातीत खताच्या गोळ्या खोचल्या. पाकिटावर एक लिहिलं होतं, मी दोन खोचल्या. गवताची टोकं पिवळी दिसत होती म्हणून. शनिवारी रात्रीपासून पाणी पांढरं व्हायला लागलं. बादल्यांतलं सगळं पाणी बदललं तरी पुन्हा पांढरं झालं. तुम्हाला कळेल. त्यानेच झालं ना?"

घरात सगळे माझ्याकडे बघत होते. पाण्यातलं कळणारा मी एकटा.

मी म्हणालो, "होऊ शकतं."

ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "माझ्यात काही जगत नाही." बायकोने तिच्या तोंडावर हात ठेवला. पण ते बोलून झालं होतं.

टाकी तिनेच रिकामी केली. शेवाळाचं झाड कुजून काळं पडलं होतं. दोरे कापून तिने फांदी सोडवली आणि कचऱ्यात टाकली. मुलाने नवीन मासे आणू म्हटलं, तर ती म्हणाली, मारायला आणू का? पुढे काही महिन्यांनी माझ्या पुतण्याच्या बायकोचं डोहाळजेवण होतं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, बायका रांगेने ओटी भरत होत्या. सुनेला बोलावलं तेव्हा ती जागची उठली नाही. सगळ्यांसमोर, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मला नका सांगू. माझा हात चांगला नाही. साधे मासे जगले नाहीत माझ्या हातात." कोणीतरी हसण्यावारी नेलं. कोणीतरी कुजबुजलं. मी शेजारच्या खोलीत पुरुषांच्या पंगतीत बसलो होतो, दार उघडं होतं, मला प्रत्येक शब्द ऐकू आला. मी पुढ्यातली जिलबी खाल्ली.

त्यानंतर मूल हा विषय तिने घरातून काढून टाकला. डॉक्टर म्हणत होते, काहीही अडचण नाही. मुलाने मला एकदाच सांगितलं, "बाबा, ती तयार नाही. आणि मी तिला जबरदस्ती करणार नाही. तुम्हीही नको." वर्षभरात त्यांनी कोपरीत भाड्याने घर घेतलं. तिचं ऑफिस ठाण्याला, जवळ पडतं, असं सांगितलं. बायको दर सणाला डबे भरून पाठवायची. मुलगा येऊन घेऊन जायचा. सून क्वचित यायची, आली की सासूशी परक्यासारखं नीट बोलायची. बायकोला ते कळायचं. कारणही कळायचं. तिने एकदाही मला म्हटलं नाही की जा आणि तिला सांगा, पिंपळ मी काढायला लावला नव्हता.

बायको गेली त्याला आता दोन वर्षं होतील. तेराव्याला जेवणं उरकल्यावर बायका भांडी आवरत होत्या. एक नातेवाईक म्हणाली, "स्वभावाने चांगली होती हो, पण सुनेचा तो पिंपळ काढायला लावला तिने. तेव्हापासून त्या पोरीचं सगळं बिनसलं." सून तिथेच ताटं पुसत होती. ती नाही म्हणाली नाही, पुढचं ताट उचललं. मी बायकोच्या फोटोसमोर बसलो होतो. त्या वेळीही मी तोंड उघडलं नाही. पण त्यानंतर मला घरात बसवेना.

मागच्या महिन्यात एका रविवारी कोपरीला गेलो. मुलगा सामान आणायला बाहेर गेला होता. तो नसतानाच जायचं असं मी ठरवलं होतं. त्यांच्या घरात कुंडी नाही. खिडकीच्या ग्रिलमध्ये तुळससुद्धा नाही. सुनेच्या कानाजवळचे केस पांढरे झालेत. तिने चहा ठेवते म्हटलं, मी म्हटलं, आधी बस. आणि सांगितलं. दुधाचं, पंच्याचं, गुरुजींचं, सगळं सांगितलं.

 तिने विचारलं, "किती दूध?"

"गडवाभर."

"पूजेचा गडवा? भरून?"

"हो."

"पंप?"

"तेवढ्यापुरता बंद केला होता. नंतर लावला."

"बादल्या भरलेल्या होत्या बाल्कनीत."

"हो."

"मी शुक्रवारी भरल्या होत्या."

"हो. बघितल्या होत्या मी."

तिने मान खाली घातली. नखाने टेबलावरचा एक डाग खरवडत राहिली. मग बोलायला लागली, तेव्हा आवाज इतका सपाट होता की मला कान द्यावा लागला.

"रविवारी सकाळी उठले तर सगळे वर आलेले. तोंडं पाण्याबाहेर. मी तुम्हाला फोन केला टिटवाळ्याला. तुम्ही म्हणालात, आवाज नीट येत नाही, नंतर बोलू."

"आठवतं."

"पंप लावला होता, पण पुरेना. मग मी हाताने पाणी हलवत बसले. तुम्हीच सांगितलं होतंत ना, पाणी हललं की हवा मिसळते. एक हात दुखला की दुसरा. हा म्हणत होता, सोड आता. आई मधूनमधून येऊन मला चहा पाजत होत्या, कपाने, तोंडाला लावून. हात बाहेर काढता येत नव्हता. मोठे रविवारीच गेले. पिल्लं राहिली. पिल्लांना कमी लागते ना हवा? ती सोमवारी पहाटे गेली. एकेक करून."

हे मला माहीत नव्हतं. मी ते कधी विचारलं नव्हतं.

"आणि मग तुम्ही आलात," ती म्हणाली. "मी तुम्हाला विचारलं होतं, बाबा."

"हो."

"तुम्ही म्हणालात, होऊ शकतं."

"हो."

"मी तुमचं खरं मानलं. पाण्यातलं तुमचं मी सगळंच खरं मानायचे."

मला रडू आलं. ती म्हणाली, "माझ्यासमोर नको." रागाने म्हणाली नाही. मी खिशातल्या रुमालाने डोळे पुसले आणि थांबलो. मला वाटत होतं की सांगितल्यावर तिचं काहीतरी हलकं होईल. तसं मी बोलूनही गेलो.

"हलकं?" ती म्हणाली. "इतकी वर्षं माझ्याकडे कारण होतं. वाईट होतं, पण होतं. त्यावर मी सगळं ठरवलं. आता तुम्ही ते काढून घेतलंत, तर मी जे ठरवलं त्याचं काय करू? वय परत आणू?"

मी ओला रुमाल खिशात घातला.

"आणि आई," ती म्हणाली, आणि इथे मात्र तिचा आवाज फुटला. "त्यांनी दवाखान्यात मला विचारलं होतं, अजून राग आहे का गं पिंपळाचा? मी म्हटलं, आता कशाला तो विषय. त्या हसल्या नुसत्या. तुमचं नाव घेतलं नाही त्यांनी. मी राग नाही एवढंही म्हटलं नाही, बाबा."

दारात किल्ली वाजली. मुलगा आला, पिशव्या खाली ठेवल्या, आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. तिने चेहरा पुसला. मला म्हणाली, "याला मी सांगेन. तुम्ही नका सांगू. बाकीच्यांना तुम्ही सांगा. ज्यांच्यासमोर मी बोलले होते, त्या सगळ्यांना. लिहून द्या, म्हणजे प्रत्येक जण आपल्या मनाचं घालणार नाही." आणि मी चप्पल घालत असताना मागून म्हणाली, "आईंचं पण लिहा. ते आधी लिहा."

म्हणून ते पहिल्या परिच्छेदात लिहिलं.

मुलाचा त्यानंतर फोन आला नाही. मी केला तर तो उचलतो, गोळ्या घेतल्यात का विचारतो आणि ठेवतो. सुनेला मी केलेला नाही. हे लिहिलेलं पोस्टाने पाठवणार आहे, पुतण्याकडे, बहिणीकडे, तेराव्याला बोलल्या त्या बाईंकडे, आणि एक प्रत कोपरीला. तिच्यासाठी यात फक्त एक गोष्ट नवीन आहे. त्या सोमवारी तिने मला विचारलं होतं आणि मी चुकीचं उत्तर दिलं होतं. ते उत्तर मी पाण्याची तपासणी केलेला माणूस म्हणून इथे दुरुस्त करतो. एकाऐवजी दोन गोळ्या मातीत खोचल्याने तेवढ्या मोठ्या टाकीतलं पाणी दोन दिवसांत तसं होत नाही. पाणी उत्तम होतं. झाडं निरोगी होती, पिल्लं वाढत होती. तुझ्या हातात सगळं जगत होतं.